खंड्यामागचं जंगल

महाल, नागपूर
दि. ९ नोव्हेंबर १९८६

चि. देवानंद यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझा रोल दुकानात धुतला, प्रिंटा सोबत पाठवत आहे. मरोद्याच्या तलावाच्या फोटोवर भारी धूळ पडली होती. भिलाईच्या कारखान्याची धूळ कॅमेऱ्यातही शिरते की काय कोण जाणे. भिंग लावून, बारीक ब्रशने एकेक ठिपका भरून काढला. आता पाणी कसं स्वच्छ दिसतं ते पाहा.

दुसऱ्या फोटोत बगळ्याच्या डोक्यातून विजेचा खांब उगवला आहे. पाकिटावर तू लिहिलंस की मामा, खांब काढून टाका. जसा काही मी लाइनमनच आहे. अरे, तू जरा डावीकडे सरकला असतास तर खांब आपोआप गेला असता. तेवढ्यासाठी माझा अख्खा रविवार गेला. म्हणून आता नीट ऐक. पक्षी दिसला की लगेच बटण दाबू नये, मागे काय आहे ते आधी पाहावं. त्याच्या डोळ्याच्या उंचीला खाली बसावं. ऊन आपल्या पाठीशी ठेवावं, म्हणजे मागाहून मला काळी तोंडं उजळत बसावं लागत नाही. आणि जवळ जावं रे बाबा. एवढासा पक्षी मोठा करायला गेलं की पक्ष्याचं पीठ होतं.

डॉक्टर म्हणतात, मोतीबिंदू पिकला आहे, जानेवारीत ऑपरेशन. त्यानंतर ब्रशकाम बंद. म्हणून अट घालतो. कॅमेरा माझा आहे, तुला वापरायला दिला आहे. ऑपरेशनच्या आधी एक तरी निगेटिव्ह अशी पाठव, जिला मला ब्रश लावावा लागणार नाही. नाही जमलं तर कॅमेरा परत. मला एकदा तरी तुझा फोटो नुसता बघायचा आहे, दुरुस्त करायचा नाही.

सौ. रत्नमालेस आशीर्वाद. लोभ आहे, पण फिल्म अशीच उडवलीस तर आटेल.

तुझा मामा,
हरिभाऊ

रुआबांधा, भिलाई
दि. २१ नोव्हेंबर १९८६

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

प्रिंटा मिळाल्या. पाणी खरोखरच स्वच्छ झालं आहे. फक्त ती धूळ नव्हती, बदकं होती. त्यांच्यासाठी पहाटेपासून कुडकुडत बसलो होतो. आता एकही शिल्लक नाही. चूक माझीच, फार लांबून काढली.

तुमचे नियम पाळतो आहे. खाली बसलो तर चिखलात रुतलो. जवळ जावं म्हणून पोतं पांघरून रांगत गेलो, तर एका गुराख्याने डुक्कर समजून दगड मारला. ऊन पाठीशी घेतलं की समोर कारखान्याची चिमणी येते आणि चिमणी टाळली की ऊन डोळ्यांत. त्यात लांब लेन्स कारखान्याकडे वळलेली दिसली म्हणून सुरक्षावाल्यांनी बसवून ठेवलं. माझा टाइम ऑफिसचा पास पाहिला, हसले आणि सोडलं.

मामा, कॅमेरा परत मागू नका. आठवडाभर लोक किती वाजता आले आणि किती वाजता गेले एवढंच मी लिहितो. रविवारी पक्ष्याची वाट बघताना मात्र घड्याळ बघावंसं वाटत नाही. हे एकच काम माझं स्वतःचं आहे.

डोळ्यांना जपा, आणि रागावलात तरी पत्र पाठवत राहा.

आपला आज्ञाधारक,
देवानंद

रुआबांधा, भिलाई
दि. १८ डिसेंबर १९८६

ती. सौ. कलावतीमामींस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या भाच्याने घराची शोभा केली आहे. शेजारच्या सिंधुताईंनी परवा विचारलंच, की तुमचे मिस्टर पोतं घेऊन काहून फिरून राहिले, रेशन संपलं काय. मी काय सांगणार?

मामी, खरं म्हणजे पक्षी आमच्या अंगणातच आहे. मागच्या पेरूवर रोज एक खंड्या येतो. मी कपडे वाळत घालते तेव्हा माझ्याकडे बघतसुद्धा नाही, यांचं पोतं दिसलं की उडतो. पण फांदीच्या मागे शेजाऱ्यांची सायकल, शेगडी आणि पट्ट्यांचे पायजमे. मग मी फांदीमागच्या दोरीवर माझी बाटलीसारखी हिरवी साडी आडवी टाकली आणि आठवडाभर तशीच राहू दिली, पक्ष्याला सवय व्हावी म्हणून. यांना सांगितलं, पोतं टाका, घरच्या बनियनवर या आणि मोरीपाशी गुपचूप बसा. रविवारी खंड्या आला, पण वारा सुटला. साडी फडफडायला लागली, तेव्हा मी तिचा काठ धरून उभी राहिले. यांनी बटण दाबलं.

रोल मामांकडे रवाना झाला आहे. हे म्हणतात, मामांना साडीचं सांगू नकोस, त्यांना फसवणूक वाटेल आणि कॅमेरा जाईल. मला तसं वाटत नाही, पण यांचं तोंड बघून गप्प बसले. तुम्हीही हे पोटात ठेवा.

मामांना वेळेवर औषध घालत जा. माझ्यावर माया आहे तशीच असू द्या.

तुमची,
रत्नमाला

महाल, नागपूर
दि. २ जानेवारी १९८७

चि. देवानंद यास,
अ. उ. आ. वि. वि.

शाब्बास. ब्रश ओला करून ठेवला होता, तो तसाच वाळला. खंड्याची छाती पांढरीशुभ्र, डोळ्यात उजेडाचा बारीक थेंब, आणि मागचं ते जंगल तर काय सांगू. भर दिवसा इतका शांत काळोख कुठे सापडला तुला? अहिवाऱ्याच्या बाजूला, की आणखी आत गेला होतास? वनखात्यातले आपले दौलतराव आले होते. ते म्हणाले, दाट सालवन असल्याशिवाय अशी सावली पडत नाही.

मोठी प्रिंट काढून दुकानाच्या काचेत लावली आहे. तुझी मामी ती पाहून तोंडाला पदर लावून आत निघून गेली. तिला गहिवरून आलं असावं.

कॅमेरा तुझा झाला. उद्या दवाखान्यात जातो. डोळे मिटताना हा फोटो पाहून जातो आहे, आनंद वाटतो. तुझ्यावरचा लोभ पट्टीआडूनही चालूच राहील.

तुझा मामा,
हरिभाऊ

रुआबांधा, भिलाई
दि. १० जानेवारी १९८७

ती. सौ. मामींस,
शि. सा. न. वि. वि.

ऑपरेशन नीट झाल्याचं कळलं, जीव भांड्यात पडला. आता एक विनंती. मामांना चष्मा मिळायच्या आत तो फोटो काचेतून काढता आला तर पाहा. उन्हाने पिवळा पडला म्हणून सांगा. ते इतके खूश झाले की मला झोप येत नाही. त्यांना नुसतं दिसू लागलं तरी पुष्कळ, असं रोज म्हणतो, आणि लगेच वाटतं, पण इतकं स्पष्ट नको.

सांभाळून घ्याल ही आशा.

तुमचा,
देवानंद

महाल, नागपूर
दि. १९ फेब्रुवारी १९८७

चि. सौ. रत्नमालेस,
अ. उ. आ. वि. वि.

हे पत्र मुद्दाम तुला लिहितो आहे. काल चष्मा मिळाला. भिंगं जाड आहेत, पण लख्ख दिसतं. तडक दुकानाच्या काचेपुढे जाऊन उभा राहिलो. आधी जंगलात कोयऱ्या दिसल्या. मग काठ दिसला. मग काठ धरलेली चार बोटं आणि बांगड्या. ती साडी तुझ्या लग्नात मीच आहेर केली होती, सीताबर्डीवरून स्वतः निवडून. मामीला रंग पसंत नव्हता.

खोटं कशाला सांगू, आधी रागच आला. रात्री मामीने तुझं पत्र वाचून दाखवलं, आणि हसता हसता डोळ्यांना पाणी आलं. डॉक्टरांनी ते वर्ज्य केलं आहे. पोरी, फोटो काढून झाल्यावर मागचा पसारा पुसण्यात माझा जन्म गेला. तू तो आधीच झाकलास, पक्ष्याला सवय लागू दिलीस आणि वाऱ्यात उभी राहिलीस. यात फसवणूक कसली? मी देवानंदला पत्रांतून हेच शिकवत होतो. फोटो काचेत आहे तसाच राहील, बोटांसकट. दौलतराव अजून सालवनच म्हणतात, त्यांना मी काही सांगितलेलं नाही.

कॅमेऱ्याबद्दल मात्र माझा निर्णय बदलला आहे. देवानंदला सांग, त्याने कॅमेरा मला परत पाठवू नये, पण तो आता त्याचाही नाही. आजपासून तो रत्नमालेचा. बटण तू दाबत जा. साडी त्याला धरू दे.

दोघांवरही लोभ आहेच. आता मला चांगलं दिसतं, तेव्हा तुमच्याकडून कमी पडला तर लगेच कळेल.

तुझा मामा,
हरिभाऊ