मुश्ताकभाईंच्या व्हॅनचे ब्रेक

प्रिय सम्यक,

सप्रेम जय भीम. रचनाला आणि दिशाला माझे आशीर्वाद. दिशाचा खोकला गेला का ते कळव, आणि तिला एवढ्यात आइस्क्रीम देऊ नका. देत असणारच, माहीत आहे मला.

पत्र बघून घाबरू नकोस. घरात सगळं जागच्या जागी आहे. फोनवर बोलायचं तर तुझे बाबा शेजारी येऊन बसतात, स्पीकर लाव म्हणतात, आणि मग माझ्या तोंडून ‘जेवलास का’ याच्या पलीकडे काही निघत नाही. म्हणून वही फाडून लिहायला बसले. अंगणवाडी सुटल्यापासून एवढं लिहायची सवय राहिली नाही, अक्षर सांभाळून घे. शेजारची सोनल उद्या पनवेलला कामावर परत निघाली आहे, तिच्या हाती देते. वाटेत उघडून वाचू नकोस असं तिला बजावलं, तर म्हणते कशी, काकू, तुमचं अक्षर मला कुठे लागतंय. गधडी आहे नुसती.

तर दहाएक दिवसांपूर्वी तू बाबांना सांगितलंस की मुश्ताकभाईंची व्हॅन नको, ब्रेकची खात्री नाही ती गाडी घरात आणायची नाही, त्यापेक्षा शोरूममधून सात सीटची नवीनच बघू. तुझं काही चुकलं नाही. घरात सहा वर्षांची पोर असलेल्या माणसाने असंच बोलावं. ब्रेक लागत नाहीत हे बाबांनी सांगितलं, तू मुश्ताकभाईंना फोन लावलास तर त्यांनीही हो म्हटलं, मग संशयाला जागाच उरली नाही. पण त्या दिवशी गाडीत मीही होते आणि मला कोणी काही विचारलं नाही. आता न विचारता सांगते.

बाबांना गाडीचं वेड का लागलं ते तुला आणि रश्मीला माझ्याइतकं कळायचं नाही. सारा जन्म त्यांनी आरोग्य केंद्राची गाडी चालवली, पण त्या गाडीत घरचं माणूस कधी बसवलं नाही. सरकारी गाडी पेशंटची, आपली नाही, हे त्यांचं ठरलेलं. तू लहान असताना तापाने फणफणला होतास, आठवतं? यांची गाडी अलिबागला रिकामी निघाली होती. तरी आपल्या दोघांना एसटीत बसवलं आणि स्वतः एसटीच्या मागे मागे गाडी चालवत आले. मी मागच्या काचेतून बघत होते आणि मनातल्या मनात यांचा उद्धार करत होते. वीस मार्चलाही तेच. आपली अख्खी वाडी टेम्पोत बसून महाडला जायची, तू माझ्या मांडीवर, रश्मी उभी, आणि बाबा आदल्या दिवसापासून चवदार तळ्याजवळ ड्युटीला. गर्दीत लांबून त्यांची गाडी दिसली की तू हात हलवायचास, आणि हा बाबा हात वर करायचा नाही, कारण ड्युटी. आता रिटायर झाल्यावर त्यांच्या मनाने एकच घेतलं आहे. एकदा तरी वीस मार्चला घरची सगळी माणसं स्वतःच्या गाडीत बसवून महाडला न्यायची, स्टिअरिंगवर स्वतः बसायचं. तुम्ही तिघं, आम्ही दोघं, रश्मी आणि तिचा मुलगा. म्हणून सात सीट.

आणि मुश्ताकभाईंची व्हॅन म्हणजे आपल्याच घरची असल्यासारखी. कुवेतहून एकदा सुट्टीवर आले तेव्हा घेतलेली. जुनी आहे, पण ज्या माणसाने शुक्रवारी नमाजला जाण्याआधी गाडी पुसल्याशिवाय स्वतः अंघोळ केली नाही, त्याच्या गाडीला जुनी कसं म्हणायचं? चालवते मात्र फरिदाभाभी. मुश्ताकभाई कुवेतला असताना तीच शिकली, अफरीनला कॉलेजला सोडायला. आता अफरीन मुंब्र्याला स्थायिक झाली, आईबापांना तिकडे बोलावते आहे, तिथे गाडी ठेवायला जागा नाही, म्हणून विकायची. दुसऱ्याला देण्याआधी त्यांनी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, आधी लांबचा रस्ता चालवून बघतो, मग बोलू. बरोबरच होतं. घरच्यांना बसवायची गाडी नुसती अंगणात उभी बघून घेतात का कोणी?

म्हणून आम्ही चौघं माणगावला निघालो. आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघी, तिथून म्हसळामार्गे. बाबा स्टिअरिंगवर, मुश्ताकभाई त्यांच्या शेजारी, फरिदाभाभी आणि मी मधल्या सीटवर. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. जेटीपर्यंत गाडी अशी नेली की मांडीवरच्या डब्यातली आमटी हलली नाही. मला, खरं सांगते, फार बरं वाटत होतं. इतक्या वर्षांत यांनी चालवलेल्या चारचाकीत मी पहिल्यांदा बसले होते.

बोटीवर गाड्या चढवताना पुढे एक खलाशी उभा असतो, तुला माहीत आहे. इंजिनाच्या आवाजात त्याचं बोलणं ऐकू येत नाही, तो नुसत्या हातानेच ये, ये, थांब करतो. त्या दिवशी तो उजव्या अंगाला, कठड्याजवळ उभा होता. त्याने ये ये केलं, मग पंजा वर केला. थांब. मला मागून स्पष्ट दिसलं. गाडी थांबली नाही. पंजा तसाच वर, मग तो दोन्ही हात हलवायला लागला, फरिदाभाभी ओरडली, आणि मुश्ताकभाईंनी हँडब्रेक खेचला. तोवर पुढची मोटरसायकल आडवी झाली होती. मोटरसायकलला टेकून एक बाई उभी होती, ती वेळेवर बाजूला झाली म्हणून निभावलं. तिची पाटी सांडली, बोंबील सगळीकडे. तिने आमच्या खानदानाचं जे काही केलं ते लिहीत नाही.

बाबा खाली उतरले आणि पहिलं वाक्य बोलले, ब्रेक न्हाय लागला. मुश्ताकभाई चटकन म्हणाले, कसा न्हाय लागणार, परवाच तपासून आणलाय. माणगावला गॅरेजमध्ये दाखवलं, त्या माणसाने चारही चाकं खोलून बघितली, म्हणाला, काही प्रॉब्लेम नाही. तरी बाबांचा हेका सुटला नाही. गार असताना धरतात आणि तापले की सोडतात, असले ब्रेक मी सर्व्हिसमध्ये खूप बघितलेत, म्हणाले. एवढी वर्षं एक ओरखडा न काढलेला ड्रायव्हर असं म्हणाल्यावर गॅरेजवाल्याने खांदे उडवले आणि चाकं परत बसवली. मुश्ताकभाई थोडा वेळ बाबांकडे बघत राहिले. मग म्हणाले, असेल, महिपत, असेल. गाडी म्हातारी झाली आता. आणि परत येताना म्हणाले, गाडीच्या खोड्या फरिदाला माहीत आहेत, तिलाच चालवू दे. बाबा निमूट मागे येऊन माझ्या शेजारी बसले.

सम्यक, ब्रेक लागले नाहीत असं झालंच नाही. ब्रेक कोणी दाबलाच नव्हता. मी यांच्या स्कूटरवर आयुष्यभर मागे बसले आहे. ब्रेक मारायच्या आधी यांचे खांदे ताठ होतात, मान थोडी मागे जाते. त्या दिवशी खांदे सैल होते. त्यांना तो पंजा दिसलाच नाही.

आता मागचं सगळं एकेक आठवतं. ताटाच्या डाव्या बाजूचं लोणचं तसंच राहतं, आणि मग म्हणतात आज लोणचं वाढलं नाहीस. दाराच्या कडेला दंड आपटतो. संध्याकाळी बाहेर पडणं बंद केलंय, डास फार झालेत म्हणे. डास काय आत्ता आले? आणि सगळ्यात वाईट म्हणजे वाडीत लोक यांना गर्विष्ठ म्हणायला लागले आहेत. कोणी बाजूने जय भीम घातला तरी हे तसेच पुढे जातात. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कोणाचा जय भीम खाली पडू दिला नाही, त्याच्याबद्दल विहारात कुजबूज चालते की पेन्शन लागल्यापासून महिपत बदलला. मला ऐकवत नाही रे ते. एकदा मी विषय काढला, डोळे दाखवू या का म्हणून. तर पेपर उचलला आणि पहिल्या पानापासून धडाधड वाचून दाखवला. समोरचं त्यांना लख्ख दिसतं. कडेचं दिसत नाही.

त्यांना याचं नाव माहीत आहे. नेत्रशिबिराला पेशंट नेणारे हेच होते, आणि यांची आई, तुझी रखमाआजी, तिलाही शेवटी काचबिंदूनेच गाठलं होतं, भिंत चाचपत चुलीपर्यंत यायची ती. म्हणूनच हे डॉक्टरकडे जात नाहीत, असं मला वाटतं. मी काही डॉक्टर नाही, मोतीबिंदूसुद्धा असू शकेल, आणि तसं असलं तर मी वाडीभर पेढे वाटीन. पण काचबिंदू असला तर गेलेलं परत येत नाही, उरलेलं तेवढं राखता येतं, आणि त्याला उशीर करून चालत नाही. तो रक्तात उतरतो म्हणतात. तेव्हा तूही डोळे तपासून घे, हसण्यावारी नेऊ नकोस. रश्मीलाही मी सांगणार आहे.

आता तुला कळलं असेल नवीन गाडीची मला धास्ती का बसली. तू शोरूमची गाडी आणशील, तिचे ब्रेक नवेकोरे असतील, आणि बाबा दिशाला शेजारी बसवून निघतील. लायसन्स अजून चालू आहे त्यांचं. त्यांना नाही म्हणायला कोणाकडे काही कारणही उरणार नाही.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे मुश्ताकभाई. त्यांना सगळं कळलं आहे, हँडब्रेक त्यांनीच खेचला. तरी दोस्ताची मान खाली जाऊ नये म्हणून स्वतःच्या गाडीला खोटं नाव ठेवलं. आता गावभर झालंय की मुश्ताकच्या व्हॅनचे ब्रेक तापल्यावर सुटतात. नांदगावचा एक जण घ्यायला आला होता, चहासुद्धा न पिता गेला. मागच्या आठवड्यात फरिदाभाभी नळावर भेटली. ती कधी वाकडं बोलायची नाही. एवढंच म्हणाली, कमळभाभी, तुम्ही तर बघितलंत. मी घागर उचलली आणि घरी आले. रडूच आलं मला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारात गेले आणि सांगितलं, गाडी आम्ही घेतोय, कोणाला देऊ नका. तुला न विचारता सांगितलं. रागावायचं असेल तर रागाव. पण तू विचारलंस ना, ही गाडी घरच्यांसाठी भरवशाची आहे का, तर हो, आहे. डोळे मिटून घे. आणि चालवायचं म्हणशील तर फरिदाभाभी मुंब्र्याला जाण्याआधी मला शिकवणार आहे. शाळेच्या मैदानात रोज सकाळी चालू आहे, बाबांना वाटतं मी योगाच्या वर्गाला जाते. अजून गिअर टाकताना गाडी उड्या मारते, पण थांबवायला मला उत्तम जमतं. या वीस मार्चला तू चालव. पुढच्या वर्षी मी बघते.

राहिलं ते एकच, आणि त्यासाठीच हे सगळं लिहिलं. हे बाबांना सांगायला हवं, आणि ते माझ्याने होत नाही. मी सांगितलं की ते पेपर वाचून दाखवतात. मुश्ताकभाई सांगणार नाहीत, त्यांनी तर गाडीवर आळ घेतला. तू शनिवारी ये. रचनाला आणि दिशाला आणू नकोस, एकटाच ये. सोमवारची डॉक्टरची वेळ घेऊनच ये, म्हणजे मागे फिरायला नको. ब्रेकची गोष्ट काढ, खलाशाचा हात काढ, आई म्हणाली असं खुशाल सांग, माझ्यावर चिडले तर चिडू देत. ते ओरडतील. मग गप्प होतील, आणि ते गप्प झाले की उठून जाऊ नकोस. त्यांचा हात धरलास तरी चालेल, लहानपणी तुला फार धरावासा वाटायचा तसा, आता ते ड्युटीवर नाहीत. फक्त एक कर. नेहमीसारखा शेजारी खाटेवर बसू नकोस, खुर्ची ओढून बरोबर त्यांच्या समोर बस, म्हणजे बोलताना तुझा चेहरा त्यांना दिसेल.

तुझीच,
आई