एकाच माणसाची पावलं

ता. ९, शुक्रवार

वहिनी,

नणंदेचा नमस्कार. पत्र बघून लगेच दादाला हाक मारू नकोस, आधी तूच वाच. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, सावकाश वाच. दादाची पाठ कशी आहे? अजून रात्रपाळीच का? मी बरी आहे. दवाखान्याच्या चादरी धुवायचं काम चालू आहे. मशिनींचा इतका दणका की आम्ही सगळ्या ओरडूनच बोलतो. पोरगी, आपली भोंगा, बरी आहे. उंच झाली.

तू मनात म्हणत असशील, एवढ्या तोऱ्यात गेली होती, आता बरी आठवण झाली. म्हण. निघाले ते रागातच. दादा दिवसा झोपायचा आणि पोरगी तुझ्या लोखंडी जिन्यावर धडाधड वरखाली करायची. तू म्हणालीस, "ही कार्टी एक दिवस तरी गप्प बसेल का?" मी गाठोडं उचललं. जाऊ दे, कोळसा उगाळावा तितका काळाच.

खोली मिळता मिळेना. नवरा नाही, वर पोर. शेवटी एका मालकिणीने दिली, पण आधीच बजावलं, "एकट्या बाईलाच देते. पोरं नकोत, मला आवाज सोसत नाही." मी म्हटलं, एकटीच आहे. दुसरं काय म्हणणार होते? पोरीला घेऊन स्टँडवर झोपू?

मग पोरीला शिकवलं. चपला हातात घ्यायच्या. जिन्यावर माझं पाऊल पडेल तेव्हाच तिने पाऊल टाकायचं, म्हणजे खाली मालकिणीला एकाच माणसाची पावलं ऐकू येतात. खोकला आला की उशीत तोंड. दार वाजलं की कपाटात. हुशार आहे ग, पटकन शिकली. मला कौतुकच वाटायचं, खोटं कशाला सांगू.

इतकी शिकली की शाळेतही कुजबुजायला लागली. वर्गाचं दार वाजलं की बाकाखाली. शाळेतल्या बाईंना वाटलं, हिला घरी कोणी मारतं. त्यांनी बालकल्याणच्या मॅडमना कळवलं. मॅडम आल्या तेव्हा मी कामावर. त्यांनी दार वाजवलं, आतून आवाज नाही. मालकिणीने "इथे पोर कुठलं?" म्हणत आपली किल्ली लावली. आणि कपाटातून पोर निघालं.

मी आले तेव्हा माझं सामान जिन्यावर होतं. पोरगी नव्हती.

वर लिहिलंय ना, बरी आहे. बरीच आहे. बालगृहात आहे. वेळेवर जेवते, शाळेत जाते. मी कामावरच्या एका बाईकडे जमिनीवर पडते. मॅडमशी जाऊन भांडले, "तिला कुणी बोट लावलं नाही!" त्या म्हणाल्या, "ठाऊक आहे. पण तिला लपावं लागणार नाही अशी खोली दाखवा आणि न्या." मी म्हटलं, "पोरासकट खोली कोण देतं? तुम्ही देता?" सरकारी खोल्यांच्या ऑफिसात गेले, तर तिथला बाबू म्हणतो, "पोर सोबत राहत असेल तर या. एकट्या बाईचा नंबर शेवटी." घर नाही म्हणून पोर नाही, पोर नाही म्हणून घर नाही. पुढच्या महिन्यात बालकल्याणची समिती बसेल. तोवर खोली नसेल तर तिला लांबच्या मोठ्या संस्थेत धाडतील.

रविवारी भेटायला गेले होते. तिथल्या पोरांशी खेळता खेळता ती एकदम हसली. कितीतरी दिवसांनी, मोठ्याने, भोंग्यासारखी. आणि वहिनी, माझा हात आपोआप तिच्या तोंडावर गेला. मॅडम समोरच उभ्या. पोरगीच माझा हात बाजूला करून कानात म्हणाली, "आई, इथे चालतं."

म्हणून लिहितेय. नाहीतर मेले असते, पण तुझ्या दारात आले नसते. जिन्यावरची मागची खोली रिकामी असेल तर दे. फुकट नको. मॅडम घर बघायला येतील. तुला एकच विचारतील, इथे पोर राहणार, तुम्हाला चालेल का? तोंडदेखलं हो म्हणू नकोस, त्यांना कळतं. चालणार नसेल तर मला आत्ताच सांग. मी रागावणार नाही. रागावेन, पण सोसेन.

एक मात्र आधीच सांगते. पोरीला गप्प बसवायचं काम आता माझ्याच्याने होणार नाही. दादाला कानात कापूस घालू दे.

आणि तू हो म्हणालीस, तर एवढं कर. पहिल्या दिवशी ती चपला हातात घेऊन, माझ्या पावलाला पाऊल मिळवत तुझा जिना चढेल. सवयीने. तेव्हा तू खालून ओरड, ओरडता तुला येतंच. म्हण, "भोंगा, जोरात चढ ग."

माझं तिला आता खरं वाटणार नाही. तुझं वाटेल.

तुझी तोंडाळ नणंद,
भोंग्याची आई