घाटातली दोन इंजिनं, मुक्काम बहरीन

२० ऑगस्ट, बुधवार
सीफहून ऑफिस आटपून आले तर हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. यंदा गणपतीपुढे देखावा घाटातल्या विजेच्या रेल्वेचा. बाबा, म्हणजे सासरे, जन्मभर त्या घाटात मालगाडी चालवायचे. सासूबाई गेल्यावर पहिल्यांदाच इथे आलेत. परतीचं तिकीट ४ सप्टेंबरचं. मला ते कायमचे राहायला हवेत. नवरा निखिल म्हणतो, "त्यांच्यावर सोड." सोडलंय. जमत नाही.

२२, शुक्र.
नि.ने तुबलीच्या गॅरेजातून तांब्याची तार आणली. रुळांवर ती ताणता ताणता बाबांचा इतिहासाचा तास. आधी कोळशाची इंजिनं, बोगद्यात धूर, तोंडाला ओलं फडकं. मग वर तार आली. उतरणारी गाडी वीज परत तारेत सोडायची, चढणारीच्या ती कामी यायची. "फुकट काही जात नव्हतं," म्हणाले. चहा तीनदा झाला. सासूबाई गेल्यापासून इतकं बोलले नव्हते. फार बरं वाटलं.

२४, रवि.
बापलेकांचं वाजलं. घाटात गाडीला पुढे एक इंजिन, मागून ढकलायला दुसरं. नि.ने हुशारी करून दोन्ही एकाच बटणावर घेतली.
बाबा : "पुढच्यानं शिट्टी द्यायची, मागच्यानं उत्तर. त्याशिवाय गाडी हलायची नाही. एकाच बटणावर कोण कुणाला उत्तर देणार?"
नि. : "बाबा, मॉडेल आहे हो हे."
बाबा अर्ध्या जेवणावर उठले. मी नि.ला म्हटलं, खलास, दोन्ही वायरी वेगळ्या कर. तोंड वाकडं करून केल्या.

२७, बुध.
बाप्पा आले. आरतीनंतर पुढचं इंजिन बाबांकडे, मागचं माझ्याकडे. दोघांच्या गळ्यात शिट्ट्या. मी पहिल्याच फेरीत उत्तर न देता बटण दाबलं, डबे थेट मोदकांच्या ताटात. बाबा इतके हसले की कवळी सावरायला लागली. नंतर जमलं. त्यांची शिट्टी, माझी शिट्टी, मग गाडी.

२९, शुक्र.
दिवसभर दर्शनाला माणसं. मुलांचं "आजोबा, वन मोअर टाइम!" संपेना. झल्लाकच्या हॉटेलात ड्रायव्हर असलेले सावंतवाडीचे एक जण निघताना म्हणाले, "काका, फुडच्या वर्षी आसतलात मां?"
बाबा म्हणाले, "बघू."
मी रिकामी ताटं घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि रडले. गावाला त्यांचे मित्र आहेत, त्यांचं घर आहे, सगळं कळतं. तरी.

३१, रवि.
बादलीत विसर्जन. रुळांना मात्र बाबा हात लावू देत नाहीत. "राहू दे दोन दिवस."

३ सप्टेंबर, बुध.
बॅग अर्धी भरलीय. संध्याकाळी समुद्र बघायला म्हणून त्यांना गाडीतून घेऊन गेले. वाटेत एकदम, "इथे मेट्रो होणार होती ना?"
"अजून कागदावरच आहे. इंशाल्ला."
"वीज वरून घेणार की तिसऱ्या रुळातून?"
"मला काय माहीत, बाबा?"
"चौकशी कर जरा." समुद्रापाशी उतरल्यावर म्हणाले, "सुरू व्हायला काही वर्षं लागतील."
"लागतील."
"हं."
घरी येऊन मी तिकिटाचं पान उघडलं, 'तारीख बदला'पर्यंत गेले आणि थांबले. ते स्वतः 'राहतो' म्हणाल्याशिवाय बटण दाबायचं नाही. फोन चार्जिंगला लावून हाताशी ठेवलाय. त्यांच्या खोलीत दिवा चालू आहे.