पाय मोडलेला न्

गुरुजी,

देऊळघाटच्या शाळेतलं माझं टेबल डुगडुगतं, ही गंभीर तक्रार आधी नोंदवतो. चौथा पाय बोटभर आखूड. संस्कृतच्या मास्तराला सरळ टेबल लागत नाही, असं हेडमास्तरांचं मत असावं. शेवटी शुद्धलेखनाच्या नव्या नियमांचं पत्रक आलं. त्याच्या घड्या घालून पायाखाली सरकवलं, आणि टेबल शहाण्यासारखं उभं राहिलं. त्या कागदाचा याहून चांगला उपयोग अजून कुणाला सापडलेला नाही.

पत्रक म्हणतं, मराठीत 'विद्वान्' लिहिताना शेवटच्या अक्षराचा पाय मोडायचा नाही, खालची तिरकी रेघ गाळायची. मला तुमची ओसरी आठवते. पाटीवर 'विद्वान' लिहून मी खुशीत बसलोय. तुम्ही पाटी उचलता. "शेवटी हा 'अ' कोनाच्या घरून आनला बे?" मी पाटी पुसायला हात पुढे करतो. "फुकट भेटला म्हनून ठेवून घेतं काय? दे खाली रेघ." आणि माझं बोट धरून तुम्हीच ती ओढता.

तुम्ही गेलात त्याला वीस वर्षं झाली. यंदा शाळेनं संस्कृतच्या वर्गाला तुमचं नाव द्यायचं ठरवलं, तेव्हा दारावरच्या पाटीवर तुमच्या नावाआधी 'विद्वान्' पाय मोडूनच लिहायचं, असा हट्ट मी धरला. हेडमास्तर म्हणाले, "मास्तर, वरून आदेश हाय. एका रेघेपायी काऊन भांडता?" म्हटलं, "वरच्यांनी वरचं पाहावं. अक्षराच्या खालचं मी पाहतो." आदेश दाखवा म्हणाले असते, तर टेबल उचलावं लागलं असतं. ते हसले, आणि पाटी माझ्या मनासारखी ठरली.

काल पेंटर शिडीवर चढून ती रंगवत होता. मी खालून पाहिलं आणि भर पटांगणात ओरडलो, "रेघ कुठाय? हेडमास्तरांनी चहा पाजला काय तुले?"

"हाय ना, मास्तर! बोटाएवढी जाड हाय. तुमाले दिसून नाही राह्यली काय?"

पोरं फिदीफिदी हसली. मीही हसलो. "तुही परीक्षा घेत होतो बे," म्हणालो. तो उतरल्यावर शिडी चढून 'न'च्या खाली बोट फिरवलं. ओला रंग लागला. रेघ होती.

हट्ट सोडलेला नाही, सोडणारही नाही. पण हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून लिहितो. घरीही सांगितलेलं नाही. गेलं वर्षभर पोरांच्या वह्या मी अंदाजानं तपासतोय, त्या रेघेसाठी गुणसुद्धा कापतोय. त्यांनी पाय मोडलाय की नाही, मला दिसत नाही, गुरुजी.