बाबा, पिलबॉक्स पाडला

प्रिय बाबा,

काल गावाहून नानाकाकांचा फोन आला. रस्ता रुंद करायचा म्हणून किनाऱ्यावरचा पिलबॉक्स पाडला. दोन दिवस मशीन चालत होतं म्हणे. मी ‘बरं’ म्हटलं, फोन ठेवला आणि गुडगावच्या ऑफिसची बस पकडली. दोन तासांच्या त्या प्रवासात रडायचंही त्राण नव्हतं. पण हे सांगायला तुमच्याशिवाय दुसरं कोण आहे?

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये लहानपणी तुम्ही मला त्याची गोष्ट सांगायचात. महायुद्धात जपानी जहाजं येतील म्हणून लष्कराने किनाऱ्यावर काँक्रीटची ठेंगणी खोली बांधली. भिंती हातभर जाड, समुद्राकडे बंदुकीसाठी आडव्या फटी. गवंडीकाम आजोबांचं. जहाजं आली नाहीत, एक गोळी सुटली नाही. शिपाई गेले, कोळी आत जाळी ठेवू लागले. आजोबा मात्र दर वर्षी त्याच्या भेगा लिंपायचे. का, ते तेव्हा तुम्ही सांगितलं नाहीत.

तुम्ही रिटायर झाल्यावर आपण नोएडाच्या फ्लॅटमध्ये आलो. शेजारी नवा टॉवर उठत होता आणि तुम्ही रोज सकाळी तिथे जाऊन उभे राहायचात. एकदा ठेकेदार स्लॅबखालचे टेकू काढायला लावत होता. तुम्ही आडवे गेलात. “अभी कच्चा है, मत निकालो,” तुम्ही ओरडलात. तो हसला. मजूरही हसले. मला लाज वाटली. मी तुमचा हात धरून ओढत म्हटलं, “बाबा, चला ना घरी, लोक बघतायत.”

घरी आल्यावर तुम्ही चहाचा कप बाजूला सारलात. मग म्हणालात, “मंजू, तुझ्या आजोबांनी टेकू लवकर काढले होते.”

पिलबॉक्स बांधताना लष्कराच्या साहेबाला छत घाईने हवं होतं. आजोबांना ठाऊक होतं की ते ओलं आहे, तरी त्यांनी काढले. एका बाजूचं छत खाली आलं. आत फळ्या गोळा करणारा गणू जागीच गेला. त्याच्या बायकोला आजोबांनी सांगितलं, छत आपोआप पडलं. छत पुन्हा घातलं गेलं. त्यानंतर त्यांनी तोंड उघडलं नाही. तुमच्यापाशी बोलले तेही शेवटच्या आजारपणात.

म्हणून तुम्ही शनिवारी अभिलेखागारात जाऊन जुन्या फायली चाळायचात ना? काम पूर्ण झाल्याची नोंद मिळाली, गणूचं नाव नाही. तुम्ही सगळा इतिहास लिहून काढलात आणि वही माझ्या हाती दिलीत. “ऑफिसच्या कॉम्प्युटरवर टाइप करशील?” मी बिल्कुल करीन म्हटलं. मग प्रोजेक्ट आला, मग दुसरा. तुम्ही दोनदा विचारलंत, तिसऱ्यांदा विचारलं नाहीत. विचारायचं होतंत, बाबा. मी चिडले असते, पण केलं असतं.

तुम्ही गेलात तेव्हा निम्मी वही टाइप व्हायची होती. ती मी नंतर केली. शेवटच्या पानावर तुम्ही एवढंच लिहिलंय: ‘यशोदेला सांगायचं राहिलं.’

यशोदाआत्या, गणूची मुलगी. सुट्टीत गावी गेलं की तुम्ही तिच्या ओसरीवर बसायचात, तिने दिलेलं कोकम सरबत प्यायचात आणि उठायचात. इतक्या वर्षांत एकदाही धीर झाला नाही? मला राग येतो, आणि लगेच वाटतं, माझा तरी झाला असता का?

नानाकाका सांगत होते, पाडताना ती दोन्ही दिवस तिथे येऊन उभी होती. कुणीतरी विचारलं, “म्हातारे, तुझं काय आहे इथं?” ती म्हणाली, “माझा बाप.” त्यानंतर मशीनवाल्याने तिला बसायला आपला स्टूल दिला.

बाबा, मी पुढच्या आठवड्यात रजा टाकली आहे. गावी जाते. वही तिला वाचता येणार नाही, म्हणून तिच्यासमोर बसून मीच सांगेन. टेकू कुणी काढले, ते आजोबांचं नाव घेऊन सांगेन. तिने ओसरीवरून उठवलं, तर उठेन. पण सांगितल्याशिवाय परत येणार नाही.

तुमची,
मंजू