दिपमालाला बसवू नये

मी, जीवराम तोताराम नारखेडे, वय ७४, राहणार असोदा, ता. जि. जळगाव, कोणाच्याही दडपणाशिवाय हा कागद लिहितो. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. मध्ये दीड वर्ष ते ठिकाणावर नव्हतं, हे गावाला माहीत आहे, म्हणून दाखला आधीच घेतला.

१. राहतं घर थोरला मुलगा जितेंद्र यास. मागच्या दोन खोल्यांत धाकटा मुलगा कै. नवीन याची पत्नी दिपमाला हयातभर राहील. जितेंद्रच्या जळगावच्या फ्लॅटमध्ये चालायचं मशीन आहे, त्यावर टॉवेल वाळतात. त्याने ते एकदा तरी चालू करून पाहावं.

२. नाल्याकडचं दोन एकर केळीचं शेत, माझ्या स्वतःच्या कमाईचं, दिपमालाला पूर्ण मालकीने. जितेंद्र ते बटाईने देऊ म्हणतो. "आबा, नवीन गेला, आता तिनं का राबायचं? आम्ही आहोत ना." पोरगा मनाने वाईट नाही. मीही असाच चांगला होतो, त्याचं काय झालं ते पुढे लिहितो.

३. माझी पत्नी झुंबरबाई चाळीस वर्षं पहाटे शेतात जायची. केळीच्या बुंध्याशी फुटणारी पिल्लं कापण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. दोन्ही सुना घरात आल्यावर लोक बोलू लागले, की सुना असून सासू राबते. मला लाज वाटली. मी तिचा विळा मजूर कुंदाबाईला देऊन टाकला आणि तिला खाटेवर बसवलं. मान दिला असं मला वाटत होतं. ती रोज म्हणायची, "माले काही काम सांगा ना. बसून बसून डोकं फिराले लागलं." मी हसून म्हणायचो, आता आराम कर. एकदा चोरून शेतात गेली, तर मी मोटारसायकलवर बसवून परत आणलं. पुढे ती बोलायची थांबली, मग जेवायची थांबली. चार वर्षांत गेली. मृत्यूच्या दाखल्यावर कारण वेगळं आहे. मी माझं कारण इथे लिहून ठेवतो: तिला मी बसवलं.

४. ती गेल्यावर त्याच खाटेवर मी पडलो. आंघोळ नको, माणूस नको. जळगावच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज चालायला सांगितलं. गोळ्या घेतल्या, चालणं टाळलं. शेवटी कुंदाबाई दारात उभी राहून बोलली, "आबा, बाग माजली शे. मी एकली नाही करणार." रागाने उठलो. पहिल्या दिवशी केळीच्या दोन ओळी साफ केल्या आणि बांधावर बसून रडलो. पण त्या रात्री झोप लागली. दुःख कमी झालं नाही, ते घेऊन चालता येऊ लागलं. गोळ्या बंद केल्या त्या डॉक्टरांनी सांगितल्यावरच, हेही नोंदवतो.

५. मागच्या पौषात धुळ्याच्या रस्त्यावर अपघातात नवीन गेला. तेव्हापासून दिपमाला त्या खाटेवर आहे. वय चौतीस. ताट हातात, पाणी हातात, कशाला हात लावू देत नाहीत. सगळे मायेनेच करतात. मला धडकी भरते. डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सुरू आहेत. शेत तिच्या नावावर करतोय ते एवढ्यासाठी, की तिला तिथे जाण्यापासून अडवायचा हक्क कोणालाच राहू नये. जायचंच अशी सक्तीही नाही.

६. मी गेल्यावर लोक दुखवट्याला दारावर येतील तेव्हा रिवाजाप्रमाणे घरातल्या बायांना तेरा दिवस बसवतील. दिपमालाला बसवू नये. कोणी नावं ठेवली तर माझी ठेवावीत.

७. महिन्यापूर्वी हे लिहायला घेतलं तेव्हा वकिलांनी सांगितलं, की हा कागद माझ्या मरणानंतरच चालतो. म्हणजे मी आणखी दहा वर्षं जगलो तर ती दहा वर्षं खाटेवर. म्हणून महिनाभर रोज पहाटे मी तिच्या दारात जातो. "दिपा, येतेस का शेतात?" ती म्हणते, "उद्या पाहू, आबा." आजही तेच म्हणाली, पण आज पायात चप्पल घातलेली होती. अंगणापर्यंत आली, आणि माझा हात धरून उभ्यानेच नवीनसाठी रडली. मग परत गेली. मी उद्या विचारणार आहे.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली. आधीचा कुठलाही कागद यापुढे धरू नये.

सही: जीवराम तोताराम नारखेडे

साक्षीदार:
१) कुंदाबाई पुना सपकाळे, असोदा (डाव्या हाताचा अंगठा)
२) गनी रहीम पिंजारी, असोदा (सही)

ठिकाण: असोदा
दिनांक: २१ नोव्हेंबर २०२४