दुसरी बाही

आये, तुझ्या त्या नारिंगी स्वेटरची दुसरी बाही मी विणायला घेतली आहे. तू हसशील, मला दिसतंय. मी हे असं पुस्तकी मराठीत लिहितोय त्यालाही हसशील. पण बोलायचं मालवणीत आणि लिहायचं शाळेतल्यासारखं, ही हाताची सवय आता मोडत नाही. तू गेलीस तेव्हा स्वेटरचं अंग झालं होतं, गळा झाला होता, एक बाही झाली होती. उरलेल्या लोकरीसकट तो ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांत वीसेक वर्षं पडून राहिला. गुडघ्यानं दगा दिला, माझं होडीवर जाणं सुटलं, तेव्हा घरात बसून करू काय? लोकांची जाळी दुरुस्त करतो आणि उरलेल्या वेळात बायकोच्या पायांत पायांत येतो. शेवटी तिनेच ट्रंक उघडून दिली. "ह्या करा, पण माझ्या चुलीकडसून उठा," म्हणाली.

सकाळभर तू मालवणच्या बाजारात मासे विकायचीस. गिऱ्हाइकाशी हुज्जत घालून घसा बसलेला असायचा. घरी आलीस की हाताला कोकमाची सोलं चोळायचीस, मग साबण, मग परत सोलं. हात नाकाशी नेऊन वास गेल्याची खात्री झाली की मगच लोकरीला शिवायचीस. लोकरीचा गुंडा लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवायचीस, म्हणजे घरंगळत मांजराच्या तावडीत जायला नको. दमलेलं माणूस दुपारी आडवं होतं. तू मात्र ताठ बसून सुया चालवायचीस, तोंडानं शेजारणीशी गप्पा, नजर अंगणात वाळत घातलेल्या सुंगटांवर आणि ती कोळंबी पळवणाऱ्या कावळ्यांवर. विणीकडे बघायचीच नाहीस! मी इतक्या लोकांबरोबर काम केलं, पण असे हात परत पाहिले नाहीत.

आणि तो दुसुतीचा टेबलक्लॉथ! आपल्या घरात टेबल नव्हतं, पण टेबलावर घालायचं कापड तयार होत होतं. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की पडवीत आम्ही बापलेक जाळी घेऊन बसायचो आणि तू उंबऱ्यावर फुल्यांचे टाके घालत मोर भरायचीस. बाबा चिडवायचे, "टेबल खंय आसा गो?" तू मान वर न करता म्हणायचीस, "कापड झाला काय टेबल येतला." टेबल आलंही, तू गेल्यानंतर; कापडाचा एक कोपरा मात्र राहून गेला होता.

स्वेटर माझ्यासाठी होता. बाबांनी तेव्हाही विचारलं होतं, हय कोणाक थंडी वाजता म्हणून. तू ताडकन म्हणालीस, "तुमी पहाटेक दर्यार जातास ना? थय मतलईचो गार वारो लागलो काय दात वाजतत ते कोणाचे? माका सांगू नकात." रंग असा भडक का घेतलास विचारलं, तर "लांबसून दिसाक व्हयो." होडी किनाऱ्याला लागायच्या आधी तिच्यात मी आहे की नाही, हे तुला लांबूनच कळायला हवं होतं. मला त्या वेळी फक्त लाज वाटली, असल्या रंगात जेटीवर कसा जाऊ म्हणून. आज माझी स्वतःची लेक मोठी झाली आहे, आणि तो रंग मला बरोबर कळतो.

विणायला मला तूच शिकवलंस. पायात वागळी माशाचा विषारी काटा गेला आणि मी महिनाभर घरी पडलो होतो. "रिकामो बसू नको," म्हणून तू माझ्या हातात सुया दिल्यास. मला वाटलं, जाळं विणणाऱ्याला ह्यात काय शिकायचं? दोरा तसाच बोटाला गुंडाळला आणि प्रत्येक टाका जाळ्याच्या गाठीसारखा करकचून ओढला. जाळ्यात गाठ सैल राहिली की आंस पसरतो, भोक मोठं होतं आणि मासा निसटतो, लहानपणापासून हातात तेच मुरलेलं. तू माझी वीतभर पट्टी हातात घेतलीस, ताणून बघितलीस. ती पुठ्ठ्यासारखी उभीच राहिली. "रे झिला, ह्या जाळा न्हय रे," म्हणालीस. "ह्येच्यातसून कोण पळान जावचो नाय. माणसाक आत श्वास घेवक दी." आणि सगळी पट्टी माझ्यासमोर सर्रकन उसवलीस. मला असा राग आला होता!

आता सगळ्यात आधी मी टेबलक्लॉथ पुरा केला. शेवटच्या कोपऱ्यातल्या मोराचा पिसारा राहिला होता, तो फुल्या मोजून मोजून भरला. उलट्या बाजूनं बघशील तर माझा कोपरा लगेच ओळखशील, नुसतं जंजाळ आहे. मग धीर करून बाही घेतली. लेक जर्मनीला चालली आहे, आये, तिथल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी मिळाली. तुझ्या मांडीवर बसून लोकरीचा लोंबता दोरा तोंडात घालायची, तीच ही. माझ्या मापाचा स्वेटर तिला ढगळ होतो, पण हल्ली तीच फॅशन आहे म्हणे. बाही विणून तिला घालायला दिली, तर हात कोपरापाशीच अडकला. "बाबा, ही बाही आसा की पायप?" ती हसत सुटली. इतकी वर्षं झाली, हात तसाच करकचलेला!

बायको म्हणाली, आवशीची बाही पण उसवा आणि दोन्ही तुमच्या हाताच्या करा, म्हणजे सारख्या तरी दिसतील. माझा हात धजला नाही. मी माझीच उसवली. तुझी बाही मांडीवर ठेवली, डोळे मिटून बोटांनी चाचपली, आणि पुन्हा टाके घातले. ओढायला लागलो की थांबायचो. परत उसवायचो. सैल सोडणं इतकं कठीण असतं, हे तू कधी बोलली नाहीस. का तुला ते कठीण जातच नव्हतं? मला नाही वाटत. होडी सुटताना तू किनाऱ्यावर कधी थांबायची नाहीस, पाठ फिरवून टोपली घेऊन बाजाराला चालू लागायचीस. मला तेव्हा वाटायचं, हिला काही वाटतच नाही.

लेकीनं परवा बॅग भरायला काढली. स्वेटरसाठी वरची जागा रिकामी ठेवली आणि म्हणाली, "स्वेटर होयसर मी जावचंय नाय हां, बाबा." गमतीनं म्हणाली. तिकीट हातात आहे, विमान कोणाच्या बाहीसाठी थांबत नाही, हे तिला कळतं आणि मलाही. हा कागद कोणाच्या हाती पडायचा नाही, म्हणून तुला एकटीला सांगतो. बाही झाली आहे, आये. तुझ्याइतकी मऊ नाही, पण हात आरामात जातो. अंगाला जोडूनसुद्धा झाली, आणि स्वेटर माझ्या उशीखाली आहे. लेक रोज विचारते, "बाबा, स्वेटर खंयसर इलो?"

आणि मी म्हणतो, "थोडो रवलो."